ताडल्याची खूण

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ती सूचना प्रथम उमटली, तेव्हा बाईंनी चष्मा पुसून ती दोनदा वाचली आणि 'नंतर आठवण करा' या शब्दांवर टिचकी मारून तिला निरोप दिला. सूचनेत वावगे काहीच नव्हते. संगणकाची प्रणाली जुनी झाली आहे, यापुढे तिची देखभाल होणार नाही, तरी नवी घ्यावी, असे तिचे सौम्य म्हणणे होते. अकरा महिने ती येत राहिली आणि अकरा महिने बाई तिला नंतर येण्यास सांगत राहिल्या. दारात उभ्या राहणाऱ्या विक्रेत्याला ज्या शांत निग्रहाने त्या परत पाठवीत, तोच निग्रह येथेही होता. अंतर इतकेच की विक्रेता कधीतरी कंटाळतो.

बाईंचे वय चौऱ्याहत्तर. छत्तीस वर्षे त्यांनी एका सार्वजनिक ग्रंथालयाचा कारभार पाहिला आणि निवृत्तीनंतर त्या थोरल्या भावाच्या घरी राहावयास आल्या. भाऊ शाळेत हस्तव्यवसाय शिकवीत; सारे त्यांना मास्तर म्हणत. बहीण नोकरीला लागली त्या दिवशी मास्तरांनी तिला चेष्टेने 'ग्रंथपालबाई' अशी हाक मारली, आणि ती चेष्टा पुढे इतकी अंगवळणी पडली की धाकट्या बहिणीचे घरातले नाव ते विसरले की काय, अशी शंका यावी.

मास्तरांनी आयुष्यभर एकच ध्यास धरला होता. तो म्हणजे अवजारांचा कोश. सुतार, लोहार, चांभार, गवंडी, विणकर, न्हावी यांच्या हातांतली जी जी हत्यारे नाहीशी होत चालली होती, त्यांची नावे, मापे, घडण, उपयोग. प्रत्येक अवजाराचे एक जाड कार्ड. 'जे मी हातात धरलेलं नाही, ते मी लिहिणार नाही' हा त्यांचा दंडक होता, आणि म्हणून प्रत्येक कार्डावर 'कोठे पाहिले' असा एक रकाना असे. ग्रंथालयाने मोडीत काढलेले लाकडी खणांचे कपाट बाईंनी घरी आणवले होते; त्यात ती कार्डे वर्णानुक्रमाने लावलेली होती. एकंदर दोन हजार एकशे शहाऐंशी.

कार्डे संगणकात उतरवण्याचे काम दोघांनी मिळून आरंभिले. मास्तरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने त्यासाठी एक छोटा प्रोग्राम रचून दिला होता. त्यात प्रत्येक नोंदीच्या तळाशी दोन रकाने होते: 'नोंदले' आणि 'ताडले'. बाई सकाळी नोंदी टंकीत. दुपारी दोन ते चार त्या आपल्या खोलीत आडव्या होत, तेव्हा मास्तर मागच्या खोलीत बसून प्रत्येक नोंद कार्डाशी शब्दशः ताडून पाहत, चूक असेल तर सुधारत, आणि 'ताडले' या रकान्यात 'मा.' अशी खूण करीत. ज्याने लिहिले त्याने ताडायचे नाही, आणि दुसऱ्याने ताडल्यावाचून नोंद पुरी झाली असे म्हणायचे नाही. या नियमाला अपवाद नव्हता. ताडणारा काम करीत असता लिहिणाऱ्याने त्याच्या पाठीशी येऊन उभे राहू नये, हा त्याचाच उपनियम.

'त' हे अक्षर संपले त्या आठवड्यात मास्तर गेले.

पुढचे सव्वा वर्ष बाईंनी एकटीने काम चालवले. काम हातावेगळे करायचेच, हा त्यांचा संकल्प होता. 'नोंदले' या रकान्यात 'ग्रं.' अशी त्यांची खूण पडत गेली. 'ताडले' रिकामा राहिला. त्या रिकाम्या रकान्यांची रांग जसजशी लांबत गेली तसतशी त्यांच्या जिवाला टोचणी लागली. कारण न ताडलेला कोश छापणे म्हणजे मास्तरांच्या नावाने खोटे बोलणे होते, आणि ताडण्यासाठी दुसरे माणूस घरात नव्हते.

अशात मुद्रकांचा फोन आला. हे गृहस्थ मास्तरांचे जुने स्नेही, आणि कोश छापण्याचा शब्द त्यांनी मास्तरांना दिलेला होता.

"बाई, तुमच्या त्या जुन्या टंकातली फाईल आता माझ्याकडे कोणी उघडू शकत नाही. सगळी भुतं दिसतात. मला नव्या पद्धतीची फाईल पाहिजे, तीस तारखेच्या आत."

"आणि तीस तारखेनंतर?"

"नंतर मी नसेन. म्हणजे जिवंत असेन हो, पण छापखाना नसेल. मुलाने जागा दुसऱ्याला दिली. हे शेवटचं पुस्तक. मास्तरांसाठी म्हणून धरून ठेवलंय."

त्या दिवशी दोन तारीख होती.

त्याच संध्याकाळी भाचीचा फोन आला. भाची म्हणजे मास्तरांची एकुलती मुलगी. दूरच्या शहरात इस्पितळात परिचारिका होती.

"आत्या, किती वेळा सांगू? अपग्रेड करून टाक. त्या मशीनचं वय माहीत आहे का तुला?"

"माझं माहीत आहे. मला कोणी अपग्रेड करत नाही, तरी चाललंय ना?"

"तुझी गोष्ट वेगळी. तुझी देखभाल करायला मी आहे. ते एक दिवस बंद पडेल आणि बाबांचं सगळं जाईल."

"नव्या प्रणालीत तो प्रोग्राम चालणार नाही म्हणतात."

"मग नको चालू दे. सगळं एका साध्या तक्त्यात उतरवून घे. माझ्या ओळखीचा एक दुरुस्तीवाला आहे तिकडे, त्याला पाठवते. बोलतो फार, पण हात चांगला आहे."

बाईंनी कॅलेंडर पाहिले. नोंदायची कार्डे उरली होती दोनशे चाळीस. आता दिवसाला दहा-बारा तरी टंकायला हवी होती. त्यांनी सत्तावीस तारखेवर पेन्सिलीने गोल काढला आणि भाचीला सांगितले, "सत्तावीसला सकाळी अकराला ये म्हणावं. तोवर मी टंकून संपवते."

ताडण्याचे काय करायचे, हे त्या बोलल्या नाहीत.

चार तारखेला दुपारी चार वाजता त्या चहाचा पेला घेऊन मागच्या खोलीत गेल्या. खिडकीबाहेर शेजारच्या सायकलवाल्याचे मागचे अंगण होते. तेथे कोणी चाकात हवा भरीत होते. पडद्यावर सकाळची शेवटची नोंद उघडी होती. चांभाराची रापी. बाईंनी पेला खाली ठेवला.

'ताडले' या रकान्यात 'मा.' होते.

क्षणभर त्यांना वाटले, चुकून जुनी नोंद उघडली गेली. त्यांनी पाहिले: रापी, नोंदले 'ग्रं.', आजची तारीख. मग त्यांनी कार्ड काढले. पात्याची रुंदी चोपन्न मिलिमीटर. पडद्यावरही चोपन्न. पण सकाळी आपण पंचेचाळीस टंकले होते, असे त्यांना पुसटसे आठवत होते. कारण टंकताना 'एवढीशी?' असे त्या स्वतःशी पुटपुटल्या होत्या.

वयाला अनुसरून त्यांनी पहिला संशय स्वतःवर घेतला. आपणच सुधारले असेल, आपणच सवयीने खूण केली असेल, आणि आपणच विसरलो असू. ग्रंथपालाला शोभेल अशा रीतीने त्यांनी एक वही काढली, तारीख घातली, आणि जे पाहिले तेवढेच लिहिले. अनुमान लिहिले नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तीन नोंदींत जाणूनबुजून चुका केल्या. वस्तऱ्याच्या मुठीचे शिंग बैलाचे म्हणून लिहिले, सुताराच्या वाकसाच्या दांड्याची लांबी तिपटीने वाढवली, विळ्याचे दाते काढून टाकले. तिन्ही चुका त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून ती पर्समध्ये ठेवली. संगणकाला जोडलेली इंटरनेटची तार काढली. खोलीला कुलूप घातले, किल्ली उशीखाली घेतली, आणि दोन वाजता आडव्या झाल्या. त्या दुपारी झोप लागली, याचे त्यांना मागाहून नवल वाटले.

चार वाजता शिंग म्हशीचे झाले होते. दांडा पूर्ववत झाला होता. विळ्याला दाते आले होते. तीन वेळा 'मा.'

तार काढलेली होती, तरी खात्री करावी म्हणून भाचीला फोन लावून त्यांनी सहज विचारल्यासारखे विचारले, "तू दुपारची तुझ्या तिथून यात काही करतेस का गं?"

"कशात?"

"संगणकात."

"आत्या, दुपारी मला जेवायला मिळत नाही. का, काय झालं?"

"काही नाही. एक नोंद आपोआप सुधारलेली दिसली."

"बघ! म्हणून म्हणते, जुनं झालंय ते. वेड्यासारखं करायला लागलंय."

बाईंनी फोन ठेवला. जुने यंत्र बिघडते, हे त्यांना मान्य होते. बिघडलेले यंत्र म्हशीचे शिंग ओळखते, हे मान्य करणे जड होते.

तेव्हा त्यांनी आणखी एक कसोटी लावली, आणि ती मात्र त्यांनी पुष्कळ विचार करून लावली. त्या दिवशी वीस नोंदी टंकल्या. त्यांपैकी सांडशीची नोंद त्यांनी चुकीची केली, आणि सांडशीचे कार्ड खणात परत न ठेवता आपल्याबरोबर झोपण्याच्या खोलीत नेले. दोन ते चार ते कार्ड त्यांच्या उशीखाली होते.

चार वाजता एकोणीस नोंदी ताडलेल्या होत्या. सांडशीची नोंद चुकीची होती तशीच होती, आणि तिच्या 'ताडले' या रकान्यात काहीही नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कार्ड खणात ठेवले. चार वाजता सांडशी दुरुस्त झाली होती.

बाईंनी वहीत लिहिले: 'जो ताडतो, त्याला कार्ड लागते.' बऱ्याच वेळाने त्याखाली आणखी एक ओळ लिहिली: 'म्हणजे ते संगणकात नाही. खोलीत आहे.' नंतर ही दुसरी ओळ अनुमान आहे असे ध्यानात येऊन त्यांनी ती खोडली. पण खोडल्याने ती मनातून गेली नाही.

कपाटाकडे त्यांचे लक्ष आता वेगळ्या दृष्टीने जाऊ लागले. मास्तरांची एक खोड होती. कार्ड काढलेला खण ते कधी पुरता लोटीत नसत; बोटभर उघडा ठेवीत, म्हणजे परत ठेवताना जागा सापडे. बाई मात्र ग्रंथालयातल्या शिस्तीने खण पुरता आत लोटीत. आता दुपारनंतर 'स'चा खण बोटभर उघडा असे. लाकडाला बिजागरीच्या तेलाचा मंद वास येई. अवजारे हाताळणाऱ्या माणसाच्या बोटांना जो कायमचा चिकटून राहतो, तो वास.

त्या घाबरल्या का? घाबरल्या. पहिले दोन दिवस त्यांनी रात्रीचा दिवा मालवला नाही. परंतु भीतीपेक्षा मोठी अशी एक गोष्ट त्या घरात होती आणि ती म्हणजे अपुरे काम. तेरा तारखेपर्यंत त्यांच्या मनाची घडी बसली. तीस तारखेला फाईल द्यायची. ती ताडलेली असली पाहिजे. ताडणारा मिळाला आहे. तो कोण, कसा, हे विचारण्याची ही वेळ नव्हे. ग्रंथालयात येणाऱ्या वाचकालाही त्यांनी कधी, 'तुम्ही हे का वाचता?' असे विचारले नव्हते.

आणखी एक गोष्ट होती, आणि ती त्यांनी वहीत लिहिली नाही. सव्वा वर्षात प्रथमच दुपारची झोप गाढ लागत होती.

त्यांनी वेग वाढवला. सकाळी सातला बसत, एकला उठत. केवळ नव्याच नव्हे, तर सव्वा वर्षातल्या मागच्या न ताडलेल्या नोंदीही दुपारी मागून पुढे निकालात निघत होत्या. कधी साठ, कधी ऐंशी. मास्तर जिवंतपणी कधी एवढ्या ताडू शकले नव्हते. तेव्हा मधे डोळे दुखत, पाठ भरून येई, पाहुणा येई, चहा लागे. आता मधे काहीच लागत नसावे.

फक्त एकदा, एकोणीस तारखेला, त्या तीन वाजता जाग्या झाल्या आणि पाणी प्यायला उठल्या. मागच्या खोलीचे दार बंद होते. आतून खण सरकल्याचा लाकडी, आखूड आवाज आला. नंतर शांतता. एखादी ओळ वाचायला लागेल एवढी. मग एकच कळ दाबल्याचा आवाज. बाईंचा हात दाराच्या मुठीपर्यंत गेला होता. तो त्यांनी मागे घेतला. ताडणाऱ्याच्या पाठीशी जाऊन उभे राहायचे नाही. त्या पाणी न पिताच परतल्या.

सव्वीस तारखेला शेवटचे कार्ड टंकून झाले. हातोडी. साधे, सर्वांच्या घरी असणारे अवजार. त्या दिवशी चार वाजता सगळ्या नोंदी ताडलेल्या होत्या, एक सोडून. कारण हातोडीचे कार्ड बाईंनी खणात ठेवलेच नव्हते.

ते त्यांच्या पर्समध्ये होते. ही कसोटी नव्हती. कसोटी केव्हाच संपली होती. ते कार्ड खणात गेले की सारे ताडून होणार, आणि ताडून झाले की दोन ते चार त्या खोलीत कोणाला काही काम उरणार नाही. उद्या ठेवू, असे त्यांनी स्वतःला सांगितले. अकरा महिने ज्या शब्दाने त्या सूचनेला परतवीत आल्या होत्या, तोच हा शब्द, हे त्यांच्या ध्यानात आले. तरीही कार्ड पर्समध्येच राहिले.

दुरुस्तीवाला अकराला यायचा, तो दोन वाजता आला. पन्नाशीचा, स्थूल, घामाघूम झालेला मनुष्य.

"मावशी, माफ करा. आधीच्या घरी यंत्र उघडलं तर आत झुरळांचं संमेलन. अध्यक्षांसकट." तो खुर्चीत बसला. "अरे बापरे! ही सिस्टीम अजून चालते? हिला तर म्युझियममध्ये ठेवली पाहिजे."

"दोन वाजून गेले," बाई म्हणाल्या.

"हो ना, म्हणून तर म्हटलं माफ करा. तास-दीड तासाचं काम आहे."

"उद्या सकाळी नाही जमणार?"

"उद्यापासून चार दिवस मी गावाला. आज नाही तर एक तारीख." त्याने मान वळवून पाहिले. "काय झालं? नको का करायला?"

बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले. "करा," त्या म्हणाल्या.

तो बडबडत, हात चालवत होता. नोंदी तक्त्यात उतरल्या, अक्षरे नव्या टंकात आली, सर्व संगणकाला जोडायच्या एका छोट्या डबीत सुरक्षित ठेवले गेले. बाई दारापाशी उभ्या होत्या. 'ह'चा खण बोटभर उघडा होता. सकाळी त्यांनी तो लोटला होता.

"झालं. आता नवी सिस्टीम घालायची. एकदा बंद करून सुरू..." तो थांबला. "मावशी, या मशीनवर आणखी कोणी बसतं का?"

"का?"

"हे बघा काय म्हणतंय."

पडद्यावर एक चौकट आली होती. 'या संगणकावर अन्य व्यक्ती काम करीत आहे. आता बंद केल्यास तिचे न जतन केलेले काम नष्ट होईल. तरीही बंद करायचे?'

"येतं कधी कधी असं," दुरुस्तीवाला म्हणाला. पण त्याच्या बोलण्यातला खेळकरपणा उतरला होता. "दुसरं खातं असलं की. पण इथे दुसरं खातंच नाही. मी आत्ताच पाहिलं. एकच आहे." त्याने अंगठ्याने कपाळावरचा घाम पुसला. "हो म्हणू? काय फरक पडतोय."

"नको," बाई म्हणाल्या.

"अहो, कोणी नाहीये."

"दहा मिनिटं थांबा. तुम्ही बाहेरच्या खोलीत बसा. मी चहा टाकते."

तो उठला. दारातून जाताना त्याने एकदा खुर्चीकडे वळून पाहिले आणि विचारले, "इथे तेलाचा वास येतो का हो?"

"माझ्या भावाची खोली आहे," बाई म्हणाल्या.

तो गेल्यावर त्यांनी पर्स उघडली.

हातोडीचे कार्ड त्यांनी हातात धरले. मास्तरांचे अक्षर गोल आणि शाळकरी होते. कोठे पाहिले, या रकान्यात लिहिले होते: 'आपल्या घरी.' बाईंनी ते एकदा वाचले. मग कार्ड 'ह'च्या खणात त्याच्या जागी, सर्वांत शेवटी, सरळ उभे केले.

खण त्यांनी लोटला नाही. बोटभर उघडा ठेवला.

"दादा," त्या म्हणाल्या. सव्वा वर्षात त्या खोलीत ही पहिली हाक. "एवढंच राहिलं. मग आपलं झालं."

आणि पाठीशी उभे राहू नये म्हणून त्या बाहेर गेल्या आणि दार ओढून घेतले.

चहा झाला. दुरुस्तीवाल्याने तो मागच्या दाराकडे पाहत प्यायला. घड्याळात पावणेतीन झाले.

ते दोघे परत आत आले, तेव्हा चौकट गेली होती.

हातोडीच्या नोंदीत 'मा.' होते.

"मिटलं," दुरुस्तीवाला हलकेच म्हणाला. "ही एक नोंद पुन्हा उतरवून घेतो. मग करू?"

"करा," बाई म्हणाल्या, आणि या खेपेला त्यांनी कॅलेंडरकडे पाहिले नाही.

पडदा काळा झाला. बराच वेळ काळा राहिला. मग त्यावर नवा, निळसर, अनोळखी प्रकाश आला.

पुढचे दोन दिवस घर विलक्षण निःशब्द होते. खण जेथे लोटावे तेथे राहत. तेलाचा वास विरला. दुपारी बाईंना झोप लागत होती, गाढ, निर्मळ. जाग आल्यावर उजवा हात तेवढा थोडा जड वाटे, एवढेच. रडू येईल असे त्यांना वाटले होते. ते आले नाही. काम पुरे झाल्याचे समाधान दुःखाच्या पुढे उभे राहिले होते.

एकोणतीस तारखेला चार वाजता त्या फाईल पाठवण्यासाठी बसल्या. मुद्रकांचा दोनदा फोन येऊन गेला होता. आता प्रोग्राम नव्हता. साधा तक्ता होता, ओळीखाली ओळ. पाठवण्यापूर्वी त्यांनी सवयीने एकूण संख्या पाहिली.

दोन हजार एकशे सत्त्याऐंशी.

त्या तळाशी गेल्या. हातोडीखाली एक ओळ होती.

'नाव: इकडच्यांना विचारले. सांगत नाहीत.
घडण: लोखंड नव्हे. लाकूडही नव्हे.
उपयोग: सर्वजण वापरतात. काय केले जाते, ते मला अद्याप दिसलेले नाही.
माप: मूठ चार बोटे रुंद.
कोठे पाहिले: येथे.'

'नोंदले' या रकान्यात 'मा.' होते.

'ताडले' रिकामा होता.

बाईंनी खिडकीबाहेर पाहिले. सायकलवाल्याच्या अंगणात आज कोणी नव्हते. ओळ पुसून फाईल पाठवता आली असती. एक कळ पुरे होती. त्यांचे बोट तीवर गेलेही. पण मास्तरांनी नोंदलेली नोंद न ताडता पुसण्याचा अधिकार या घरात कोणालाच नव्हता. ज्याने लिहिले त्याने ताडायचे नाही. ते काम दुसऱ्याचे.

त्या उठून कपाटाकडे गेल्या. 'ह'चा खण उघडला.

हातोडीच्या मागे एक कार्ड होते.

ते घेऊन त्या खुर्चीत बसल्या, पेन्सिल उचलली, आणि रीतीप्रमाणे एकेक शब्द ताडू लागल्या. नाव जुळले. घडण जुळली. उपयोग जुळला. कोठे पाहिले, जुळले.

मापाच्या रकान्यात मात्र कार्डावर दोन वाक्ये अधिक होती. तक्त्यात उतरवताना ती गळली होती. बाईंनी पेन्सिलीचे टोक त्यांच्याखाली धरले आणि गोल, शाळकरी अक्षर वाचले.

'ग्रंथपालबाईंच्या हातात देऊन पाहिली, नेमकी बसते. झोप मोडली नाही.'